आधी ऐकवा, मग पैसे मागा

घरात गाणी ऐकायला स्पीकर घ्यायचा म्हटले की आमच्या खांडबाऱ्यात पहिली गोष्ट निघते ती वॉटची. खोली केवढी, वर स्लॅब आहे की पत्रे, ऐकता काय, हे कोणी विचारत नाही. 'भाऊ, पाच हजार वॉट आहे, पत्रे हलतील,' म्हणत दुकानातला मुलगा खोके पुढे सरकवतो. मला पत्रे हलवायचे नाहीत. मला भीमसेन जोशींचा आवाज भीमसेन जोशींसारखा ऐकायचा आहे, मागचा तानपुरा तानपुऱ्यासारखा ऐकायचा आहे. ही मागणी फार मोठी नाही, पण ती मांडायला दुकानात जागाच नसते.

त्या पाच हजार वॉटांचा मला मनापासून राग आहे. आपल्या शेतातली पाच अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे 3,730 वॉट ताकदीची मोटार विहिरीचे पाणी उपसून वर आणते. घरातल्या सहा अँपिअरच्या प्लगमधून 230 व्होल्टवर फार तर 1,380 वॉट मिळतात. मग सुतळीएवढ्या वायरीवर चालणाऱ्या डब्यात पाच हजार आले कुठून? अॅडॉप्टर हातात घ्यावा आणि त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. 12 व्होल्ट, 2 अँपिअर. गुणाकार केला की 24 वॉट, आणि त्यातलेही काही उष्णतेत जातात. आकड्यापुढे 'पीएमपीओ' अशी चार अक्षरे असतात. हा पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे छापणारा मनाला येईल तो आकडा छापतो. अॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून जाहिरातीत सांगायची, याचा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 सालीच केला. आपल्याकडे खोक्यावर बीआयएसची खूण दिसली की गिऱ्हाईक निर्धास्त होते. ती खूण विजेच्या सुरक्षिततेची आहे, आवाजाच्या दर्जाशी तिचा संबंध नाही.

खरी चीड पुढेच आहे. 24 वॉट पुरेसे असतात! बेताच्या खोलीत चांगला स्पीकर रोजचे ऐकणे एक-दोन वॉटांत भागवतो. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, ते कानाला जेमतेम जाणवते. महत्त्वाची असते ती स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते. 84 डेसिबलच्या स्पीकरला 90 डेसिबलच्या स्पीकरइतके वाजवायला चौपट वॉट द्यावे लागतात. हा आकडा खोक्यावर शोधून पाहा. बहुतेक वेळा नसतो. जो नसता तरी चालले असते तो मात्र सोनेरी शाईत असतो.

बरे, आकडे बाजूला ठेवू आणि कानांनी ठरवू, तर ऐकवत नाहीत. दुकानात एकच गाणे लावलेले असते, आणि त्यात धमक सोडून काही नसते. 'बेस बघा, बेस!' माझा पेनड्राइव्ह लावा म्हटले की 'खोकं फोडलं तर घ्यावं लागेल' असे उत्तर येते. खांडबारा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव आहे, गाडीत बसून नंदुरबार गाठता येते, सुरतही गाठता येते; पण परवडणाऱ्या किमतीच्या स्पीकरला तिथेही हीच वागणूक. बसून निवांत ऐकायची खोली मोठ्या शहरांत महागड्या मालासाठी राखलेली असते. ऑनलाइन मागवावा, तर पैसे भरून झाल्यावरच तो पहिल्यांदा ऐकायला मिळतो. साडी उलगडून दाखवणाऱ्या बाजारात आवाजाची वस्तू मुकी विकली जाते.

स्पीकर तपासायला धमक लागतच नाही, माणसाचे बोलणे लागते. बीबीसीच्या इंजिनिअरांनी 1970च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा, जेमतेम फूटभर उंचीचा एलएस 3/5ए नावाचा स्पीकर तयार केला, तेव्हा त्यांचा भर बोललेला आवाज खरा यावा यावर होता. तो छोटा डबा आजही नावाजला जातो. आपल्याकडे हे करणे सोपे आहे. आकाशवाणी जळगावच्या बातम्या लावाव्यात. निवेदक मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला, किंवा त्याचा 'स' आणि 'श' कानाला टोचला, की तो स्पीकर परत ठेवावा. मग तानपुरा. मग आपल्या भागातल्या माणसाने ढोल आणि पावरी या वाद्यांचे ध्वनिमुद्रण लावावे. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात जवळून ऐकलेली पावरी आपल्या कानांना पक्की ठाऊक असते. ढोलाचा ठोका पडून लगेच थांबला पाहिजे. स्वस्त डब्यात तो थांबत नाही, पुढच्या ठोक्यापर्यंत गुरगुरत राहतो.

जाळीच्या आतही बघावे. काही डब्यांत समोर चार गोल दिसतात आणि वाजतात दोनच. उरलेले दोन नुसते प्लास्टिकचे, चकचकीत कडे लावून बसवलेले. बोटाच्या पेराने डब्याच्या बाजूवर टकटक करावी. पोकळ 'ढब्ब' आला तर गाण्याबरोबर डबाही वाजणार. 1970 पासून कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या कंपनीने याच देशात स्पीकर बनवले आहेत. त्यामुळे 'आपल्याकडे असंच मिळतं' हे मला पटत नाही.

स्पीकर घरी आल्यावर बसवणारा कारागीर येतो, आणि उरलेसुरले तो बिघडवतो. एक डबा बैठकीत छताजवळ, दुसरा स्वयंपाकघरात, 'म्हणजे दोन्हीकडे ऐकू येईल'. स्टिरिओ गाण्यात डावीकडची सतार बैठकीत राहते आणि उजवीकडची बासरी फोडणीच्या आवाजात जाते. दोन्ही डबे एकाच खोलीत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, त्याच्यापासून सारख्या अंतरावर हवेत. कोपऱ्यात घुसवले की बेस फुगतो आणि कपाटाची काच थरथरते. उघड्या फरशीवर सतरंजी टाकली तरी फरक पडतो. यात एका पैशाचा खर्च नाही, तरी सांगितले की तो म्हणतो, 'सगळे असंच लावतात, काका.'

शेवटचा अन्याय वायरींचा. एका डब्याची लाल-काळी वायर उलटी जोडली की एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायकाचा आवाज मधोमध उभा न राहता खोलीभर पांगतो. मग घरचे म्हणतात स्पीकरमध्ये दम नाही, आणि बेसची कळ शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. अॅम्प्लिफायरकडची टोके सोडवावीत, सेलचे धन टोक लाल वायरीला आणि ऋण टोक काळीला क्षणभर टेकवावे. वूफरचा पडदा बाहेर सरकला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. सेल प्रत्येक घरातल्या घड्याळात आहे, वेळ अर्धा मिनिट लागतो, आणि वायरी जोडून पैसे मोजून घेणारा तेवढाही थांबत नाही.