अत्यल्प, अल्प आणि काका

मे 2025 मध्ये राज्य सरकारनं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. नाव ठेवलं ‘माझे घर, माझे अधिकार’. 2030 पर्यंत 35 लाख घरं, आणि त्यात ज्येष्ठ नागरिकांचा आवर्जून उल्लेख. उल्लेख झाला म्हणजे निम्मं काम झालंच. आता घर तेवढं राहिलं.

हा अधिकार बजावायला समजा एक काका निघाले. शिरूरचे, म्हणजे जुनी माणसं म्हणतात तसे घोडनदीचे. रांजणगावच्या एमआयडीसीत 2004 ते 2024 अशी वीस वर्षं काढली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ घेऊन गेटबाहेर आले. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचं गणित सोपं आहे : पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगार कितीही असला तरी धरायचा पंधरा हजारांपर्यंतच, सप्टेंबर 2014 आधीच्या वर्षांना साडेसहा हजारांपर्यंतच. काकांचं उत्तर येतं महिना तीन हजारांच्या आसपास. त्यांनी कुरकुर करू नये. किमान पेन्शन हजार रुपये आहे आणि 2014 पासून ती जागची हललेली नाही. त्या मानानं काका तिप्पट सुखी.

वर्षाचे झाले 36 हजार. हा आकडा घेऊन काका पहिल्यांदा म्हाडाची पात्रता बघतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेशात येतो, आणि तिथं ‘अत्यल्प उत्पन्न गट’ म्हणजे वर्षाला 6 लाखांपर्यंत. महिना पन्नास हजार मिळवणारा आणि तीन हजार मिळवणारे काका एकाच रांगेत, एकाच सोडतीत. समता यालाच म्हणत असावेत. नशिबानं नंबर लागलाच तर बँकेतला साहेब विचारतो, “काका, कर्ज सत्तरीच्या आत फिटायला पाहिजे. हप्ता कोण भरणार? मुलगा सही करतोय का?” मुलाच्या सहीची सोय असती तर काका मुलाकडेच राहिले नसते का, हा प्रश्न फॉर्मवर नाही.

मग निराधारांच्या योजना बघू म्हटलं. श्रावणबाळ योजनेत 65 पूर्ण झाल्यावर महिना 1500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. काकांचं 36 हजार. थोडक्यात, म्हाडाच्या लेखी अत्यल्प, तहसील कचेरीत श्रीमंत आणि बँकेत नापास. एवढी तीन पदं एका माणसानं भूषवायची म्हणजे चेष्टा नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत मात्र काका बसतात. उत्पन्न तीन लाखांच्या आत, देशात कुठंही नावावर पक्कं घर नाही. अनुदानही मिळेल. फक्त घर बांधायला जागा स्वतःची लागते. काका-काकूंना जागा हवी किती? अर्धा गुंठा पुरे, पाचशे चौरस फुटांच्या वर भरतो. पण तुकडेबंदी कायदा 1947 पासून शेताच्या बांधावर उभा आहे. बागायती जमीन दहा गुंठ्यांच्या आत आणि जिरायती वीस गुंठ्यांच्या आत विकायची नाही. म्हणजे माणसाचा तुकडा पडला तरी चालेल, जमिनीचा पडता कामा नये. ज्यांनी कायदा न बघता नोटरीवर गुंठा-गुंठा घेऊन स्लॅब टाकले, त्यांचे जुने व्यवहार नियमित करायचं सरकारनं 2025 मध्ये ठरवलं. विकणारे कधीचेच गुंठामंत्री होऊन स्कॉर्पिओत बसले. काका तेवढे कायदा पाळत भाड्याच्या खोलीत थांबले होते. चूक कोणाची ते सांगायला नकोच.

राहिली भाड्याची खोली. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरकडे खोल्यांना तोटा नाही. पत्र्याच्या, स्लॅबच्या, रांगेनं बांधलेल्या. मालक बोलायला गोड असतो.

“काका, खोली आहे हो, पण मी माणशी भाडं घेतो. पाच पोरं राहतात, तीन शिफ्टमध्ये. तुम्ही दोघंच.”

“आम्ही जुनी माणसं, कटकट नाही आमची.”

“कटकट नाही ओ, पण उद्या काही कमी-जास्त झालं, तर मी कुणाला फोन करायचा?”

अकरा महिन्यांच्या करारात याचं कलम नसतं, पण सगळ्यात आधी तेच वाचलं जातं.

मधल्या काळात महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, हेही नोंदवलं पाहिजे. दरवाजे किमान 900 मिलिमीटर रुंद, न्हाणीघरात धरायला दांडा, पाय घसरणार नाही अशी फरशी. नियम खरोखर चांगले आहेत. ते लागू होतात ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या प्रकल्पांना, आणि अशा प्रकल्पांचे दर ऐकताना तो दांडा आधीच धरलेला बरा. चाळीतल्या सामाईक संडासाला आतून कडी लागली तरी काकू समाधानी असतात.

एजंट म्हणतो, “दौंडला बघा, स्वस्त पडेल.” दौंडला रेल्वेचे क्वार्टर आहेत, राज्य राखीव पोलिसांची वसाहत आहे, म्हणजे घरमालकाला दर महिन्याला पगार होणारा भाडेकरू ठाऊक आहे. काकांना त्याच्या रांगेत मागं उभं राहावं लागतं. शिवाय मोठा दवाखाना पुण्याला, आणि रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच.

तेव्हा सगळा हिशेब मांडून आम्ही एक प्रस्ताव सुचवतो. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. शिरूर, न्हावरा, चौफुला, दौंड असं दिवसभर फिरावं. खिडकी आहे, हवा आहे, शेजार रोज नवा. रात्री मुक्कामी गाडी धरावी. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, म्हणजे काही कमी-जास्त झालं तर फोन करायला माणूस हजर. डिपॉझिट नाही, दलाली नाही, तुकडेबंदी नाही. 35 लाख घरं बांधण्यापेक्षा थोड्या गाड्या वाढवणं परिवहन मंडळालाही सोपं जाईल.

इच्छुकांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट पडेल, काकूंना पंचाहत्तरीच्या आत कोणत्याही वयात अर्धंच. काका सध्या साठीच्या आसपास आहेत, त्यांना पूर्ण तिकीट काढावं लागेल.