मिनी की मोठं?

"माई, काल पत्र्या मारुतीपाशी अण्णा दिसले. तोंडावर रुमाल धरून तरातरा चालले होते. बरं नाही का त्यांना?"

"ठणठणीत आहेत गं. शिंक आली आणि खालची कवळी बाहेर यायला लागली, म्हणून रुमाल. वरची कशी, टाळूला चिकटून बसते. खालचीला तसा आधारच नाही. जीभ हलली की ती हलते. त्यातून दात गेले की हाड झिजत जातं, आणि खालच्या जबड्याचं जास्तच. बाकरवडी चहात बुडवून खातात हल्ली, आता बोल!"

"चहात? नारायण पेठेत राहून? मग इम्प्लांट करून टाका की. आमच्या आत्याबाईंनी केलेत."

"तेच तर चाललंय. एक डॉक्टर म्हणाले, मिनी बसवू, हिरडी फाडायची नाही, टाके नाहीत. दुसरे म्हणाले, मिनीच्या वाटेला जाऊ नका, मोठेच घ्या. कुणाचं ऐकायचं?"

"माझा भाचा डेंटलला आहे, त्याला विचारलंच होतं आत्याबाईंच्या वेळी. नेहमीचा इम्प्लांट साधारण चार मिलिमीटर जाड, मिनी तीनच्या आतला. नेहमीचे दोन, पुढच्या बाजूला बसवायचे. हाडाने ते धरेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने कळ काढायची, मग त्यावर कवळी. मिनीचं डोकं अंगचंच, गोल. कवळीच्या आतल्या रबरी कडीत टिचबटणासारखं बसतं, बरेचदा त्याच दिवशी. पण खाली चार तरी लागतात."

"म्हणजे एकाचा दर स्वस्त, पण घ्यायचे चार!"

"हिशेबाला तुम्ही पक्क्या! २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते. त्यांनी ठरवलं, खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा. ते नेहमीच्या इम्प्लांटबद्दल हं. पुढे ब्राझीलमध्ये तीन प्रकार समोरासमोर ठेवून बघितले, २०१५ साली छापून आलं ते. वर्षभराने नेहमीचे शंभरातले नव्व्याण्णव टिकले. चार मिनी बसवलेल्यांचे ८९, आणि दोनच मिनीवर भागवलं त्यांचे ८२."

"मग मिनी बादच की!"

"तसं नाही हो. हाडाची कड अरुंद असेल तर मोठा इम्प्लांट मावायचा कुठे? हाड भरा, पुन्हा थांबा, खर्च वाढवा. वय झालेल्या माणसाला ते नको होतं. तिथे मिनी कामाचा. फक्त तो बारीक, त्यामुळे बसवताना मोडण्याची भीती जास्त, आणि एकसंध असल्यामुळे तिरका गेला तर नंतर सरळ करता येत नाही. अण्णांचा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढलाय का?"

"नाही, ओपीजी काढलाय, तो सपाट एक्स-रे."

"त्यात हाडाची उंची दिसते, रुंदी नाही. आणि सगळं भांडण रुंदीचंच आहे! ती न बघताच मिनी की मोठं सांगताहेत दोघे? आधी स्कॅन, मग मत. आणि विचारा की रबरी कडी झिजली की बदलायचे किती, आणि एखादा सुटला तर पुढे काय करणार."

"साखर पण बघावी लागेल ना?"

"अगदी! साखर ताब्यात हवी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या, इंजेक्शनं चालू असतील तर तेही आधीच सांगा. आणि इम्प्लांट बसवले म्हणजे सुटलो असं नाही. रात्री कवळी काढायची आणि त्या डोक्यांभोवती रोज ब्रश फिरवायचा. आत्याबाई कंटाळा करतात, मग हिरडी सुजते."

"सांगते त्यांना. पण तू आपल्या सेक्रेटरीला यातलं काही बोलू नकोस हं."

"का बरं?"

"सोसायटीच्या मीटिंगला हे गप्प बसतात ते कवळी निसटेल म्हणून. ती एकदा पक्की बसली ना, तर तीन वर्षांचा मेंटेनन्सचा हिशेब मागणार आहेत!"