नऊ हत्ती आणि एक साडू

आमचे साडू ॲरिझोनात, फिनिक्सला असतात. तिथली ग्रँड कॅन्यन सरकारी आहे, पण साडूंच्या बोलण्यावरून ती त्यांच्या सातबाऱ्यावर असावी असं वाटतं. वेरूळ-अजिंठा त्यांचं मागेच उरकलं होतं, म्हणून यंदा त्यांना कन्नडकडं, पितळखोऱ्याला काढलं.

"दरी किती खोल? आमची मैलभर आहे."

दरीच्या खोलीवरून पाहुण्याशी भांडू नये. मैलभराच्या दरीसाठी आमच्या सातमाळ्याला आणखी दोन-तीन डोंगर उसने आणावे लागतील.

वेरूळ मागं पडताना साडूंनी सांगितलं, "आमच्या कॅन्यनमध्ये शिव टेंपल, विष्णू टेंपल नावाची शिखरं आहेत." खरंच आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात ती नावं ठेवली. म्हणजे तिकडं आयत्या डोंगराला देऊळ म्हणायचं. इकडं राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरत नेऊन कैलास काढला. कष्टाचा एवढा फरक मी मुद्दाम बोलून दाखवला नाही. फक्त दोनदा सांगितला.

कन्नडला चहावाला म्हणाला, "कुठं जाऊ राहिले?"

"पितळखोऱ्याला."

"तिथं काय बघता? दगडं आहेत नुसती. वेरूळला जा, कणसं तरी मिळतात."

साडूंनी त्याला टीप दिली.

गौताळा अभयारण्यातल्या पठारावर गाडी थांबते आणि लेणी खाली दरीत. आपल्याकडं देवाला जायचं तर डोंगर चढावा लागतो. इथले बौद्ध भिक्खू मात्र इसवी सनाच्या दोनेकशे वर्षं आधी खाली उतरून बसले. गुडघे धरत उतरलो तर समोर चौथऱ्यावर नऊ हत्तींची रांग, आणि दाराशी भालाईत द्वारपाल. बाजूला पाच फण्यांचा नाग. डोंगरात मुरणारं पाणी विहाराखालच्या पन्हाळीतून आणून या नागाच्या फण्यांतून बाहेर सोडलं होतं. आमच्या इमारतीच्या गच्चीला दोन हजार वर्षं सोडा, दोन पावसाळेसुद्धा धीर निघत नाही.

खडक तसा ठिसूळ, त्यामुळं पुष्कळ ढासळलंय. इथं सापडलेला हसरा, ढेरपोट्या यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हदास, धंद्यानं सोनार. माणूस इथला, मुक्काम बाहेर, पोट पुढं! मी साडूंकडं पाहिलं. ते हत्ती मोजत होते. नंतर बराच वेळ त्यांनी 'आमच्याकडं' हा शब्द काढला नाही. पलीकडच्या काठावरचे स्तूप बघायला तेच आधी ओढा ओलांडून गेले.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यात जा, धवलतीर्थाचा धबधबा तेव्हाच पडतो. पायऱ्या निसरड्या असतात, डबा-पाणी घरूनच न्या. सोबत साडू असतील तर उतरताना त्यांना खुशाल बोलू द्या. चढताना ते आपोआप गप्प होतात.