रिंगमधले बलुतेदार

नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीतला अंडरटेकर बऱ्याच वेळा मेला. त्यातलं सर्वांत गाजलेलं मरण जानेवारी १९९४ मधलं. रॉयल रंबलमध्ये योकोझुनाने आणि त्याच्या मदतीला धावलेल्या पहिलवानांच्या टोळक्याने त्याला शवपेटीत कोंबलं, झाकण लावलं, हिरवा धूर निघाला. केबलवरून ही बातमी आमच्यापर्यंत चांगली शिळी होऊन पोचली, पण पोचली त्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणी डबा धड खाल्ला नाही. त्याला सात जन्म असतात, त्यातले चार संपले, असा हिशेब मागच्या बाकावरून आला आणि वर्गाने तो बिनतक्रार मान्य केला. ऑगस्टमध्ये समरस्लॅमला तो परत आला, तोही एकटा नाही. दोन आले. एक खरा, एक खोटा. खऱ्याने खोट्याला लोळवलं आणि आमचा जीव भांड्यात पडला.

तो खोटा म्हणजे ब्रायन ली नावाचा पहिलवान. १९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमार ज्या अंडरटेकरशी लढला, तोही हाच. म्हणजे आपल्या हिरोने मात केली ती खोट्यातल्या खोट्यावर. हे कळायला आमच्यातल्या बहुतेकांना इंटरनेट येईपर्यंत थांबावं लागलं, आणि कळल्यावर ज्याला वाईट वाटलं नाही तो चाहता नव्हे.

आता ही पोरं पंचेचाळिशीच्या आसपास आहेत. कुणाच्या मुलाच्या मुंजीत चार जण भेटले की कर्ज, गुडघे आणि मुलांचे क्लास आटोपून गाडी डब्ल्यूडब्ल्यूएफवर येतेच. आणि कुणीतरी ते जुनं वाक्य काढतंच : “अरे, ते सगळं खोटं असतं!” हे वाक्य आम्हाला आईने ऐकवलं, शेजारच्या काकूंनी ऐकवलं, पी.टी.च्या सरांनी शिट्टी बाजूला ठेवून ऐकवलं. खासबागेच्या मातीतल्या कुस्त्या पाहिलेले आजोबा तर गुलाबी चड्डी घालून दोरावरून उड्या मारणाऱ्याला पहिलवान म्हणायलाच तयार नव्हते. (स्वतः दारासिंग आणि किंगकाँगच्या आठवणी मात्र डोळे चमकवून सांगत. त्या कुस्त्या कितपत खऱ्या होत्या, हा विषय घरात निघत नसे.)

गंमत म्हणजे खुद्द कंपनीने हे आधीच कबूल केलं होतं. आमच्या घरी केबल येण्याच्याही आधी, १९८९ साली, विन्स मॅकमॅहनच्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटला सांगून टाकलं होतं की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. खेळ म्हटला की सरकारी देखरेख आली आणि करही आले. कर वाचत असेल तर माणूस काय काय कबूल करतो!

तेव्हा कुस्ती खोटी होती, हे मान्य. पण मला आता त्या दशकाकडे पाहताना कुस्तीपेक्षा नोकऱ्याच जास्त दिसतात. १९९१ ते १९९६ मधलं डब्ल्यूडब्ल्यूएफ आठवा : ते बारा बलुतेदारांचं गाव होतं. आयआरएस नावाचा टाय आणि गॅलस लावलेला करवसुली अधिकारी रिंगमध्ये येऊन आधी प्रेक्षकांनाच करबुडवे म्हणून झापायचा. हप्ता थकला की वस्तू उचलून नेणारा रेपो मॅन होता. ड्यूक ड्रोसी कचऱ्याचा डबा घेऊन यायचा, हेन्री गॉडविन डुकरांच्या खरकट्याची बादली घेऊन, आणि टी. एल. हॉपर हा प्लंबर तर संडासातला पंप हातात घेऊनच अवतरायचा. या सगळ्यांत वाट्याला आलेला धंदा खरोखर केलेले थोडेच. रिंगमधला तुरुंगरक्षक बिग बॉस मॅन पूर्वी जॉर्जियात खरोखरच तुरुंगरक्षक होता. अंडरटेकरचा तो चिरक्या आवाजाचा, अस्थिकलश सांभाळणारा मॅनेजर पॉल बेअरर तर प्रत्यक्षात अंत्यसंस्कारांचा रीतसर परवाना असलेला माणूस. म्हणजे अंडरटेकर खोटा आणि त्याचा मुनीम खरा.

बाकी सगळा माल बनावट होता. योकोझुना हा जपानी सुमो पहिलवान जपानी नव्हता. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, घराणं सामोआचं. जायंट गोंझालेझ हा अर्जेंटिनाचा बास्केटबॉल खेळाडू. कंपनी त्याची उंची आठ फूट सांगायची आणि त्याला स्नायू रंगवलेला आणि केस चिकटवलेला पोशाख घालून उभा करायची. १९९३ च्या रेसलमेनियात त्याने अंडरटेकरच्या नाकाला क्लोरोफॉर्मचं फडकं लावलं आणि बाद झाला. इतक्या उंच माणसाला क्लोरोफॉर्म कशाला लागावा, असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. आमच्या पहिलवानांच्या ट्रम्प कार्डांवर उंचीचा रकाना होता, अकलेचा नव्हता.

मग आम्ही वयात आलो आणि कंपनीही आली. समोरच्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीने चांगले चांगले गडी पैसे देऊन पळवले होते, धंदा बसत चालला होता, आणि प्लंबर पाहायला कुणी थांबेना. तेव्हा स्टोन कोल्ड ऑस्टिन आला. सप्टेंबर १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने साक्षात मालकाला, विन्स मॅकमॅहनला, आडवं केलं. पुढची दोन वर्षं त्याने दुसरं फारसं काही केलं नाही, आणि कुणाला त्याचा कंटाळाही आला नाही. आमच्यातले काही जण तेव्हा पहिल्यावहिल्या नोकरीत लागत होते. साहेबाला आडवा पाडून वर बिअर पिणारा माणूस त्यांना आवडला, यात मानसशास्त्र शोधायची गरज नाही.

प्रत्यक्षात मालकच जिंकत होता. ब्रेट हार्ट या पहिलवानाला त्याने १९९६ मध्ये वीस वर्षांचा करार दिला आणि वर्षभरात सांगितलं की परवडत नाही, दुसरीकडे बघ. ब्रेटने डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोलणं केलं. ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये, त्याच्याच देशात, शॉन मायकल्सने त्याला त्याच्याच पेचात धरलं. ब्रेटने हार मानली नव्हती, तरी मालकाने घंटा वाजवायला लावून त्याला हरलेला ठरवलं. राजीनामा दिलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत कसं वागवतात, हे आम्ही तिथे पाहिलं. कार्यालयांत त्याचा प्रत्यय नंतर आला. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये ब्रेटने मालकाला एक ठोसा लगावला. माझ्या मते दशकातला सर्वांत खरा ठोसा तोच, आणि त्याचं तिकीट कुणी काढलं नव्हतं.

बाकी शरीरांना लागायचं ते खरंच लागायचं. जून १९९८ मध्ये मिक फोली रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून सोळा फूट खाली टेबलावर कोसळला, पुन्हा वर चढला, पुन्हा पडला. त्याचा तुटलेला दात नाकपुडीत गेला, तरी त्याने कुस्ती संपवूनच रिंग सोडली. निकाल आधी ठरलेला असेल, जमीन कुठे ठरलेली होती? २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन छतावरून दोरीने उतरताना पडला आणि गेला. कार्यक्रम थांबवला नाही. ही बातमी आमच्याकडे आली तेव्हा बरेच जण तो परत यायची वाट पाहत राहिले. इतकी वर्षं अंडरटेकर परत येत होता ना.

यातले बहुतेक गडी कागदोपत्री नोकर नव्हतेच. स्वतंत्र कंत्राटदार होते. वर्षभर गावोगाव फिरायचं, दुखणं गोळ्यांवर दाबायचं, विम्याचं ज्याने त्याने बघायचं. योकोझुना ३४ व्या वर्षी लिव्हरपूलच्या हॉटेलात गेला, ब्रिटिश बुलडॉग ३९ व्या, बिग बॉस मॅन ४१ व्या. मुंजीच्या पंगतीत ही वयं निघाली की सगळे आपापलं वय मोजतात आणि जिलेबी नको म्हणतात. मग ज्यांचं बरं झालं त्यांची नावं निघतात.

त्यात माझं मत कायम एकाला. १९९५ साली पहिलवान जेरी लॉलरने आपला खासगी दंतवैद्य म्हणून एक किडक्या दातांचा धिप्पाड माणूस आणला होता, डॉ. आयझॅक यँकेम. ते बलुतं चाललं नाही. मग त्याला दुसऱ्याच एका पहिलवानाची नक्कल म्हणून उभं केलं, तेही पडलं. १९९७ मध्ये त्याला लाल मुखवटा चढवून अंडरटेकरचा जळालेला भाऊ केलं, आणि केन म्हणून तो वीसएक वर्षं चालला. पुढे मुखवटा उतरवून ग्लेन जेकब्ज या आपल्या खऱ्या नावाने तो निवडणुकीला उभा राहिला. टेनेसीतल्या नॉक्स काउंटीच्या लोकांनी २०१८ साली त्याला मेयर केलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा निवडून दिलं.