जयकरांचा विंचू

बहरीनमधल्या सखीरच्या माळावर थंडीत तंबू पडले की हौशी मंडळी अतिनील टॉर्च घेऊन विंचू शोधायला निघतात. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. जन्मभर दगडाखाली दडून राहणाऱ्याची ही फजितीच. कोकणातला माणूस आधी टुणकन मागे सरतो आणि मग नातं विचारतो: हा आपल्या लाल विंचवाचा कोण?

अरबस्तानातला जाड शेपटीचा काळा विंचू तसा दूरचाच. लाल विंचवाचा खरा भाऊबंद ओमानात भेटतो. नाव हॉटेंटोटा जयकरी. हे जयकर म्हणजे मुंबईचे डॉ. आत्माराम सदाशिव जयकर. एकोणिसाव्या शतकात ते मस्कतला सरकारी सर्जन होते. रोगी तपासून उरलेल्या वेळात साप, मासे, सरडे गोळा करून ते लंडनच्या संग्रहालयाला पाठवत. आज एक रानबकरा, एक समुद्रघोडा, एक मांडूळ आणि १८९५ साली प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकनं वर्णन केलेला हा विंचू जयकर आडनाव लावतात. वंश चालवायला मुलगाच लागतो असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

या दोन भावांमध्ये अरबी समुद्र आहे, म्हणून सोयरिकीचा प्रश्नच नाही. जमिनीवर मात्र जवळच्या जाती शेजारी आल्या की कधीकधी मधे एक संकरपट्टा, म्हणजे मिश्र संततीचा पट्टा, तयार होतो. दक्षिण अमेरिकेतल्या काळ्या आणि लाल आगमुंग्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलाबामातल्या मोबिल बंदरात उतरल्या. मायदेशी एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या या मुंग्यांचा मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियात बिनबोभाट संसार चालू आहे. हे वाचताना मला आखातातली आपली मंडळं आठवली. गावी ज्यांचं पाणीही चालत नसे, ते इथं एकाच तंबूत एकाच पातेल्यातली बिर्याणी वाढून घेतात.

जीवशास्त्रज्ञ बार्टन आणि ह्यूइट यांनी १९८५ साली मांडलं की संकरित पिढी दुबळी निघाली तर असा पट्टा अरुंदच राहतो, आणि सरकत सरकत वस्ती विरळ असेल तिथं अडकतो. म्हणजे सखीरसारख्या ठिकाणी. विंचवांना पसरायची घाई नाही. पिल्लं आईच्या पाठीवरून उतरतात ती फार लांब जात नाहीत. मुंग्यांचं वेगळं. सौदीहून येणारा २५ किलोमीटरचा पूल १९८६ पासून उघडा आहे आणि कुंडीतल्या मुंगीला व्हिसा लागत नाही.