रिकाम्या फ्रेमचं भांडण

लॉरेन्स, कॅन्सस
फेब्रुवारीतला दुसरा रविवार

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या घरात तट पडले आहेत. भांडण पैशाचं नाही, सासूबाईंशीही नाही (त्या न्यायाधीश आहेत), भांडण एका रिकाम्या फ्रेमचं आहे.

झालं असं, ऑक्टोबरात यांनी कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून दोन डॉलरला शिसवीसारख्या दिसणाऱ्या लाकडाची एक फ्रेम आणली. तळघरातल्या टीव्हीच्या वर खिळा ठोकला, फ्रेम टांगली आणि जाहीर केलं, की इथे कॅन्सस विद्यापीठाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉलपटूचा फोटो लागेल. एकाचाच. त्याला आता चार महिने होत आले. फ्रेम अजून रिकामी आहे, आणि घरात एकही जेवण शांतपणे झालेलं नाही.

बाबा, तुम्हाला हसू येईल. पण आपल्या ओट्यावर तुम्ही आणि भाऊकाका गावसकर मोठा की विश्वनाथ यावरून तीन-तीन दिवस अबोला धरायचात, ते मी विसरलेले नाही. "विशीनं शतक ठोकलं की भारत हरत नाही," हे तुमचं ब्रह्मवाक्य आणि "दहा हजार धावा कुणाच्या?" हा काकांचा सोटा. विश्वनाथने गावसकरच्या बहिणीशी लग्न केलं, ते दोघे मेव्हणे-मेव्हणे झाले, तरी तुमची सोयरीक काही जुळली नाही. तेव्हा हे वेड मला माहेरूनच आलंय.

आणि हे गावही तसलंच. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी 1891 साली शोधून काढला, ते जेम्स नेस्मिथ पुढे आयुष्यभर इथेच राहिले आणि इथल्याच स्मशानभूमीत विसावलेत. स्टेडियमसमोरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यांनी टाइप करवून घेतलेल्या मूळ तेरा नियमांचे दोन कागद 2010 मध्ये लिलावात 43 लाख डॉलरना गेले आणि आता ते इथे काचेआड ठेवलेत. सासूबाईंना दाखवायला नेलं, तर त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी लोणच्यांची वही जपून ठेवा म्हणावं." गंमत म्हणजे विद्यापीठाच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाच्या सगळ्या प्रशिक्षकांमध्ये जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेला एकच माणूस, तो म्हणजे हे नेस्मिथ. 55 विजय, 60 पराभव. खेळ ज्याने जन्माला घातला, त्यालाच तो नीट पावला नाही!

तर उमेदवारांकडे येते. शेजारचे म्हातारबुवा दर शनिवारी आमच्याकडे थालीपीठ खायला येतात. त्यांचा एकच देव, विल्ट चेंबरलेन. सात फूट एक इंच. फिलाडेल्फियाहून इथे शिकायला आला. त्या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत, म्हणून 1955 मध्ये नव्या मुलांचा आणि थोरल्या संघाचा आपसात सामना ठेवला, तर विल्टने 42 गुण मारले आणि नवख्यांनी थोरल्यांना 81–71 असं लोळवलं. ज्या प्रशिक्षक फॉग ॲलन गुरुजींनी एवढी खटपट करून त्याला आणलं, ते मात्र सत्तर वर्षांचे झाले म्हणून नियमावर बोट ठेवून त्यांना घरी बसवलं. विल्ट मुख्य संघात आला तेव्हा गुरुजी सेवानिवृत्त! सासूबाईंना हे ऐकून स्वतःच्या शाळेतला निरोप समारंभ आठवला आणि त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

डिसेंबर 1956 मध्ये पहिल्याच अधिकृत सामन्यात विल्टने 52 गुण केले. म्हातारबुवा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि वडिलांच्या खांद्यावर बसून तो सामना पाहिला, असं ते सांगतात. (दहा वर्षांचा अमेरिकन मुलगा खांद्यावर कसा मावला, हे मी विचारत नाही. पाहुण्याला थालीपीठ वाढावं, उलटतपासणी घेऊ नये.) पण खरी कथा 1957 च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याची. समोर नॉर्थ कॅरोलायना. सुरुवातीला पंच चेंडू वर उडवतो आणि दोन्ही संघांचा एकेक गडी त्यासाठी झेपावतो. तर त्यांच्या प्रशिक्षकाने या सात फुटी ताडासमोर आपला पाच फूट अकरा इंचांचा टॉमी कर्न्स उभा केला. निव्वळ खिजवायला. बरोबरी काही सुटेना, तीन वेळा जादा वेळ द्यावा लागला, आणि शेवटी कॅन्सस 54–53 असं एका गुणाने हरलं. एका गुणाने, बाबा! म्हातारबुवा हे सांगताना अजूनही थालीपीठाचा तुकडा लोण्यात बुडवायचा विसरतात.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डिग्री?"

इथे घोटाळा झाला. विल्टने 1958 मध्ये शिक्षण अर्धवट सोडलं आणि तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्स नावाच्या संघात गेला. हे लोक गावोगाव फिरून चेंडू बोटावर नाचवतात, प्रेक्षकांना हसवतात, मधूनच खेळतातही. सासूबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे कॉलेज सोडून सर्कशीत गेला?" विल्टचा अर्ज तिथेच फेटाळला गेला. मी त्यांना सांगून पाहिलं, की विल्ट वर्षानुवर्षं इथे फारसा फिरकला नव्हता, त्या एका गुणासाठी गावाने आपल्याला माफ केलं नसेल असं त्याला वाटायचं, आणि 1998 च्या जानेवारीत तो कॉलेजचं जुनं जॅकेट घालून परत आला तेव्हा सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण निकाल बदलला नाही.

आमचे हे मॅनिंगवाले. डॅनी मॅनिंगची गोष्ट आपल्याकडच्या संस्थांत घडावी अशी आहे. पोरगा हायस्कुलात असतानाच इतका तयार होता, की 1983 मध्ये इथल्या प्रशिक्षकाने त्याच्या वडिलांनाच सहायक म्हणून नोकरी दिली. वडील तेव्हा ट्रक चालवायचे. ते स्वतः व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेले होते हे खरं, पण लोकांनी जे बोलायचं ते बोललंच. बाप नोकरीला लागला, बिऱ्हाड लॉरेन्सला आलं, मुलगा इथल्या शाळेत आणि मग ओघानेच विद्यापीठात! 1988 मध्ये तर संघाची पार दुर्दशा होती, मोसमात अकरा सामने हरले. इतके सामने हरून कुणी विजेतेपद मिळवलेलं नाही. अंतिम सामन्यात ओक्लाहोमासमोर मॅनिंगने 31 गुण केले, 18 वेळा परतलेला चेंडू पकडला आणि 83–79 अशी ट्रॉफी घरी आणली. चारही वर्षं पूर्ण केली. एकूण गुण 2951. हे हा आकडा आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त चटकन सांगतात.

चिरंजीवांचा कौल फ्रँक मेसनला, 2017 चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. का, तर त्याची उंची पाच फूट अकरा. इथे त्याला बुटका म्हणतात. चिरंजीव पाच फूट सहा इंच आहेत आणि आपल्याकडचं आणि सासरचं, दोन्ही खानदानं तपासून त्यांनी स्वतःच्या भवितव्याविषयी जो निष्कर्ष काढलाय, त्यात मेसन हा एकच आशेचा किरण आहे. त्याला कोण काय बोलणार?

म्हातारबुवांच्या बायकोने मध्येच क्लाइड लव्हलेटचं नाव काढलं. बाई मूळच्या इंडियानाच्या, आणि तोही तिकडचाच. त्याला दमा होता. तर लॉरेन्स हे माउंट ओरिअडवर वसलंय, तिथली उंचावरची विरळ हवा तुला मानवेल, असं सांगून फॉग ॲलनने त्याला इकडे आणलं म्हणतात. बाबा, हा माउंट ओरिअड मी रोज गाडीने चढते. आपल्या अजिंक्यताऱ्यापुढे हा टेंगूळ. पण क्लाइड आला, 1952 मध्ये देशात सर्वांत जास्त गुण त्याचेच आणि त्याच वर्षी विजेतेपदही. या दोन्ही गोष्टी एका मोसमात साधणारा दुसरा कुणी झाला नाही. वर ऑलिंपिकचं सुवर्णपदक. पण सासूबाईंना यातलं काहीच महत्त्वाचं वाटलं नाही. खेळून झाल्यावर तो आपल्या गावी जाऊन शेरीफ झाला, हे ऐकल्याबरोबर त्या ताठ बसल्या. "फौजदार? म्हणजे सरकारी नोकरी!" आणि डिसेंबर अखेरपर्यंत लव्हलेट बिनविरोध निवडून येतो की काय अशी स्थिती होती.

मध्यंतरी एक सामना प्रत्यक्ष पाहिला, ते सांगायचं राहिलं. म्हातारबुवांना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्यांची दोन तिकिटं आम्हाला मिळाली, मी आणि सासूबाई गेलो. ॲलन फील्डहाउस 1955 चं, आतून एखाद्या भल्या मोठ्या धान्याच्या कोठारासारखं. पाहुण्या संघाची नावं पुकारताना इथली पोरं तोंडासमोर वर्तमानपत्र धरून वाचत असल्याचं सोंग करतात. तुम्ही कोण, आम्हाला काय त्याचं, असा आव. मग आपला संघ आला की तीच वर्तमानपत्रं फाडून उधळतात. शेजारच्या मुलीने सासूबाईंनाही एक दिलं. त्यांनी ते मन लावून वाचायला घेतलं आणि फाडायची वेळ आल्यावर चक्क घडी करून पर्समध्ये टाकलं. मग गोंगाट सुरू झाला. 2017 मध्ये इथे 130.4 डेसिबलचा विक्रम झालाय. सासूबाईंनी कानातलं यंत्र काढलं आणि म्हणाल्या, "आता नीट ऐकू येतंय." जिंकल्यावर सगळे लोक हात वर करून डोलतात, त्याला गहू डोलणं म्हणतात. कॅन्सस गव्हाचं राज्य ना! सासूबाई म्हणाल्या, "शाळूच्या रानात वारं शिरल्यासारखं दिसतंय," आणि त्याही डोलल्या.

आता मूळ मुद्दा. गेल्या शनिवारी बाहेर उणे बारा होतं आणि आत पुन्हा तोच तंटा. हे म्हणाले, "वाद कशाला? ज्याचे गुण जास्त तो मोठा. 2951. संपलं." टेबलाच्या टोकाला आमचं कन्यारत्न बसलं होतं. ती बारा वर्षांची आहे आणि तिला चार महिन्यांत कुणी मत विचारलेलं नव्हतं. लोणच्याची फोड चोखत ती म्हणाली, "3649."

"कोण?"

"लिनेट वुडर्ड. विचिटाची. 1977 ते 81."

म्हातारबुवांच्या हातातलं थालीपीठ ताटलीत परत गेलं. हे म्हणाले, "ते वेगळं गं, ते मुलींचं." मी पोळपाट पुसत होते, ती थांबले. पण मला बोलावंच लागलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "वेगळं कसं? टोपली खाली बांधत होते का तिच्यासाठी?"

नाही, टोपली तेवढीच दहा फुटांवर. उलट लांबून मारलेल्या चेंडूला तीन गुण द्यायची पद्धत कॉलेजच्या मुलींच्या सामन्यांत तेव्हा नव्हती, आणि बायकांसाठी लहान चेंडू आला तो तिचं कॉलेज संपल्यावर. पुरुषांच्याच मापाच्या चेंडूने तिने हे सगळं केलं. तिचे गुण कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या वहीत तेव्हा चढले नाहीत, कारण त्या संघटनेने बायकांचे सामने आपल्याकडे घेतले ते ती बाहेर पडल्यानंतरच्या मोसमात. 2024 मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने तो आकडा ओलांडला तेव्हा कुठे बऱ्याच जणांना कळलं, की ओलांडण्यासारखं काही होतं. वुडर्ड 1984 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार होती.

"पुढे काय केलं तिने?" सासूबाईंचा ठरलेला प्रश्न.

कन्या जरा घुटमळली. "1985 मध्ये ग्लोबट्रॉटर्समध्ये गेली. त्यांच्यातली पहिली बाई."

सासूबाई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "चार वर्षं पुरी करून गेली ना? मग जाऊ दे. आणि ती सर्कस काही अगदीच वाईट नसावी."

सगळ्यात शेवटी म्हातारबुवा बोलले, आणि ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. त्या चार वर्षांत ते याच गावात होते, स्टेडियमपासून दहा मिनिटांवर. पुरुषांचा एक सामना चुकवला नाही. तिचा एकही पाहिला नाही. तिकीट सहज मिळालं असतं, म्हणाले. मी त्यांना आणखी एक थालीपीठ वाढलं, त्यांनी नको म्हटलं नाही.

आता मतांची स्थिती अशी: वुडर्ड तीन (मी, कन्या, सासूबाई), मॅनिंग एक, मेसन एक. म्हातारबुवा तटस्थ झालेत, त्यांच्या बायकोचं मत घरचं धरायचं की पाहुण्यांचं यावर खल चालू आहे. हे म्हणतात की सासूबाई एप्रिलमध्ये परत जाणार, म्हणून त्यांचं मत ग्राह्य नाही. तसं झालं तर माझ्याकडची दोनच मतं उरतात आणि यांनी चिरंजीवांना बुटांच्या नव्या जोडाचं आमिष दाखवून फोडलं की बरोबरी. तेव्हा बाबा, तुमचं आणि आईचं मत स्वतंत्र कागदावर, सहीनिशी, लवकरात लवकर पाठवा. भाऊकाकांचंही घ्या, त्यांच्याशी बोलणं चालू असेल तर.

विश्वनाथचं नाव चालणार नाही.

तुमची
सौ. बेबी

ता. क. थालीपीठाची भाजणी संपत आली. सासूबाई म्हणतात, येणाऱ्या कुणाबरोबर तरी दोन किलो पाठवा, म्हातारबुवांच्या हिशेबाने.