स्पार्ज न करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

हे मार्गदर्शन अमेरिकेत गॅरेज बाळगून असलेल्या मराठी गृहस्थांसाठी आहे. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे तिथे घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन बियर स्वतःपुरती, करमुक्त करता येते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र हे केवळ वाङ्मय म्हणून वाचावं. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. विनापरवाना पातेलं चढवणाऱ्याने स्पार्ज केलं काय नि टाळलं काय, पोलिसांना त्यात रस नसतो.

आधी टाळायचं काय, ते समजून घ्यावं. भरडलेलं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर मुरलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. हा गोड रस, म्हणजे वर्ट, खालच्या तोटीतून काढून घेतला तरी चोथ्यात बरीच साखर राहते. ती उतरवण्यासाठी वरून गरम पाणी सोडतात, ते स्पार्ज. सोलकढीसाठी नारळाचं दुसरं दूध काढावं तसंच. फक्त इथे एक सुशिक्षित माणूस पाऊण तास हातात नळी धरून उभा असतो. पाणी फार तापलं किंवा धुणं लांबलं, तर सालांतलं टॅनिन उतरून बियर तुरट होते. घाई केली, तर चोथा गच्च बसून तोटी बंद पडते. थोडक्यात, यात कर्तबगारीला वाव नाही, बिघडवायला भरपूर आहे.

आता न करण्याची कृती. सगळं पाणी सुरुवातीलाच घालावं. २० लिटर बियरसाठी तीसेक लिटर पाणी ७१ अंशांपर्यंत तापवावं. मॉल्ट पडलं की ते ६७ च्या आसपास येतं. पातेलं ४० लिटरचं हवं. ते घरात आणताना काय सांगायचं, हे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे. पाणी जड असेल तर किंचित लॅक्टिक ॲसिड घालून मॅशचा, म्हणजे या मॉल्ट-पाण्याच्या मिश्रणाचा, सामू ५.२ ते ५.६ मध्ये ठेवावा. तासाभराने तोटी सोडावी, रस उकळायला घ्यावा. झालं.

भुर्दंड किती? स्पार्ज करणाऱ्याचं पाच टक्क्यांच्या बियरसाठी साडेचार किलो मॉल्टमध्ये भागतं, तिथे आपल्याला सव्वापाच किलोच्या आसपास लागेल. म्हणजे पाऊण तासाची किंमत पाऊण किलो बार्ली. कारखान्यात हे परवडत नाही, गॅरेजमध्ये परवडतं. मात्र फार कडक बियर करायची असेल तर हा हिशोब बिघडतो: धान्य वाढेल तसा चोथा जास्त रस पिऊन बसतो.

खरी अवघड पायरी पुढेच आहे. बियर करणारे मित्र जमतील आणि एफिशियन्सी किती आली, म्हणजे मॉल्टमधली किती साखर रसात उतरली, असं विचारतील. आकडा सांगू नये. किरिन या जपानी कंपनीने १९९० मध्ये ‘इचिबान शिबोरी’ बाजारात आणली, ती पहिल्याच रसाची म्हणून, एवढंच गंभीरपणे सांगावं. समोरचा इतिहासप्रेमी असल्यास, जुने इंग्रज दारूवाले पहिल्या रसाची कडक एल करायचे आणि त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून मग हलकी बियर काढायचे, हेही जोडावं. पहिल्या अर्ध्यावर थांबलात तरी चालेल. बियर चव घेतल्यावर भरदार लागली तर ती पद्धतीमुळे, असं म्हणावं. पाऊण किलो जादा मॉल्टचा उल्लेख टाळावा.

एक धोका राहतो. तोटी बंद केल्यावर चोथ्यातला एखादा दाणा तोंडात टाकाल, तो गोड लागेल. वाया जाणारी साखर पाहून आपले संस्कार जागे होतील आणि हात किटलीकडे जाईल, लिटरभरच ओतू म्हणून. हेच ते स्पार्ज. म्हणून किटली आधीच स्वयंपाकघरात ठेवून यावी आणि चोथा लगेच कंपोस्टमध्ये टाकावा.